आठाचं वरचं वाटोळं

मधू,

मी घाबरले आहे. हे वाक्य माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस, म्हणून आधी तेच लिहून टाकते. आपल्या दोघांत घाबरायचं काम तुझं आणि ओरडायचं माझं, अशी लहानपणापासूनची वाटणी होती. तू गेलास त्याला सव्वा महिना झाला, आणि तुझ्या वाटणीचं कामही आता माझ्याच गळ्यात पडलंय.

कारण संदीप. मंगळवारी सकाळी तुझ्या लेकाच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. चोवीस वर्षांचा घोडा, रोज दोन बस बदलून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जातो, दिवसभर मशीनवर उभा राहतो, त्याला पायात चप्पल घालता येईना. शैलानं मला लॅबमध्ये फोन केला. फार बोलली नाही. "ताई, ह्यांचं असंच सुरू झालं होतं ना? संदीपला रक्ताला कधी घेऊन येऊ?" एवढंच विचारलं तिनं. वीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते आहे. "उद्या सकाळी आण, उपाशी पोटी," हे मी झोपेतसुद्धा बोलू शकते. त्या दिवशी मात्र ते वाक्य मी म्हटलं नाही. "मी येते तिकडे, मग बोलू," म्हणून मी फोन ठेवला आणि नळ्या धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

तुझ्या बायकोचा माझ्या हातावर भरवसा आहे. तो का नसायला हवा, हे फक्त मला माहीत होतं. तुलासुद्धा माहीत नव्हतं. आज तुला सांगते.

तू मुळातच भित्रा. शाळेत देवी टोचायला माणूस आला की तू मोरीत लपायचास आणि मी तुला कानाला धरून बाहेर काढायचे. सहा वर्षांनी मोठी होते ना, तेवढा हक्क होता. तुझा दंड मी घट्ट धरायचे आणि तू माझ्या फ्रॉकात तोंड खुपसायचास. पुढे मी घाटकोपरच्या लॅबमध्ये लागले तेव्हा म्हणालास, "तायडे, तुला बरोब्बर नोकरी मिळाली. माणसांना टोचायची हौस पहिल्यापासूनचीच." त्यानंतर आयुष्यात तू दुसऱ्या कोणाकडून सुई टोचून घेतली नाहीस. मुलुंडला तुझ्या घरापासून चार पावलांवर लॅब होती, तरी माझ्याकडे यायचास. मला त्याचा केवढा अभिमान होता.

ती गटारी आठवते? तुझ्या घरी मटण, वर तळलेली कलेजी, आणि ऑफिसातल्या दोघांनी आणलेली बाटली. दुसऱ्या दिवशी श्रावण सुरू झाला आणि तुझा अंगठा लालबुंद होऊन बसला. चादर लागली तरी तू ओरडत होतास. पंख्याचा वारा लागला तरी ओरडत होतास. मी आले, बघितलं आणि हसले. "श्रावण पाळायचा म्हणून आदल्या दिवशी एवढं पाळलंस? गटारी अंगठ्यात उतरलीय तुझ्या." तुमच्या मुलुंडच्या डॉक्टरांनी युरिक अॅसिड करून घ्यायला सांगितलं. तू लंगडत लॅबमध्ये आलास, मान वळवून हात पुढे केलास. आकडा आला सहा पॉइंट दोन. पुरुषांना सातपर्यंत चालतं.

"नॉर्मल आहे. नाटकं बंद कर," मी म्हणाले.

"मग हा अंगठा कोणाचा? तुमच्या लॅबच्या डॉक्टरबाईंचा?"

"अंगठा तुझा रे, पण आकडा आमचा. आकडा खोटं बोलत नाही."

हे भांडण आपलं कधी संपलंच नाही. प्रत्येक गटारीला तू ते उकरून काढायचास. खरं म्हणजे मला महिन्याभरातच कळलं होतं. आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की अंगठा भडकलेला असताना रक्तातला आकडा कधी कधी खाली उतरतो, नॉर्मलसुद्धा दिसतो. दुखणं शांत झाल्यावर पुन्हा बघावा लागतो. मी तुला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं, पण 'तुझं बरोबर होतं' हे मात्र म्हणाले नाही. तुझं बरोबर होतं, मधू.

दुसऱ्या वेळी आकडा आला नऊ पॉइंट चार. आमच्याकडे रक्तातलं पाणी बाजूला काढून त्यात औषधं घालतात, की नळीत निळा रंग चढतो. जेवढं अॅसिड जास्त तेवढा निळा गडद. मग नळी यंत्रात ठेवायची, काटा हलतो, आकडा मिळतो. पण इतक्या वर्षांनी मला काटा लागत नाही, नळी खिडकीशी धरली की कळतं. तुझी नळी दौतीतल्या शाईसारखी दिसत होती. तू विचारलंस, "म्हणजे नक्की काय होतं गं?" मी समजावलं, की आपण खातो त्याचा एक गाळ रक्तात उरतो, मूत्रपिंडं तो लघवीतून बाहेर टाकतात. गाळ फार झाला किंवा टाकणं कमी पडलं की साठत जातो. पाक गार झाल्यावर भांड्याच्या कडेला साखरेचे खडे धरतात ना, तसे मग सांध्यात खडे धरतात. अंगठ्यातच का, तर ते शरीराचं गार टोक. एवढं ऐकून तू दुसऱ्या दिवसापासून भाद्रपदाच्या उकाड्यात लोकरीचे मोजे घालून बसायला लागलास. शैला पोट धरून हसत होती.

आणि आंबट! अॅसिड आहे म्हणजे आंबटानंच वाढत असणार, हे तू तुझ्या मनानं ठरवलंस. सोलकढी सोडलीस, लिंबू सोडलंस, दही सोडलंस, आमटीतली कोकमं वेचून ताटाबाहेर ठेवायला लागलास. त्याच ताटात सहा तळलेल्या तारल्या. मी कपाळावर हात मारला. "अरे, आंबटाचा काही संबंध नाही! त्या तारल्या सोड, ते मटण सोड."

"तारली कुठे आंबट असते?" तू अगदी गंभीरपणे विचारलंस.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मालवणी माणूस सोलकढीवर पाणी सोडतो म्हणजे तो किती घाबरला असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला फक्त हसू आलं. बाबांच्या पायालाही असंच व्हायचं, आणि आई म्हणायची, "वाताक औषध नाय, गप बसणां ह्याच औषध." बाबांनाही हेच असणार. फक्त तेव्हा त्याला आकडा नव्हता. बाबा बावन्नाव्या वर्षी गेले. नऊ पॉइंट चार ऐकल्यापासून तू बोटांवर वर्षं मोजायला लागलास, आणि बावन्नला बोटं थांबायची, हे मी दोन-तीनदा बघितलं होतं.

डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली आणि पाच महिन्यांनी पुन्हा रक्त बघायला सांगितलं. दुसऱ्या वेळेसारखंच ह्याही वेळी मी तुला शेजाऱ्यांकडच्या फोनवर बजावलं, "उपाशी पोटी यायचं. आणि दोन दिवस आधीपासून प्यायचं नाही हं, अजिबात नाही." त्या बाटलीचा राग माझ्या डोक्यातून गेला नव्हता. तू म्हणालास, "नाही पिणार, तायडे. शपथ."

त्या सकाळी तू आलास तेव्हा तुझ्या ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे आत गेले होते. शीर सापडायला मला वेळ लागला, एरवी तुझी शीर दोरीसारखी वर यायची. हे सगळं मी बघितलं आणि म्हटलं, घाबरलाय बिचारा. सुई काढून कापूस दाबला तेव्हा तू माझं मनगट धरलंस. "तायडे, ह्या वेळी जास्त आलं तर मला सांगू नकोस. मस्करी नाही करत. आकडा ऐकला की छातीत धस्स होतं. चार-चार दिवस अन्न जात नाही. ऑफिसात ड्रॉइंग काढायला बसलो की सरळ रेघ येत नाही हाताला. वाट लागलीय माझी." मी म्हणाले, "गप रे, भागूबाई." नेहमी हसायचास, त्या दिवशी हसला नाहीस.

आठ पॉइंट नऊ आलं.

रजिस्टरात मी तेच लिहिलं. मग रिपोर्टचा छापील कागद पुढे ओढला. त्यावर आकडे इंग्रजीत लिहायचे असतात. इंग्रजी आठ आणि इंग्रजी सहा ह्यांत फरक तो केवढा? खालचं वाटोळं पुरं करायचं आणि वरचं अर्ध्यात सोडायचं, की झाला सहा. माझा हात वरच्या वळणावर थांबला. थांबला म्हणजे मी थांबवला, हात आपोआप थांबत नसतो. सहा पॉइंट नऊ. सातच्या आत. मी स्वतःला सांगितलं की गोळी चालूच आहे, पुढच्या वेळी आकडा खरोखरच उतरेल, तोवर ह्याला जरा जेवू दे. दुपारी डॉक्टरबाईंनी नेहमीसारख्या भराभर सह्या केल्या. मी लिहिलेलं त्या तपासत नाहीत. वीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. एक वाटोळं मी अर्धवट सोडलं आणि दुसरं पुरं केलं, हे कळायला पुढची दोन वर्षं जायची होती.

त्या रविवारी तू आम्हां सगळ्यांना जुहूला घेऊन गेलास. माझ्याच्यानं येववत नव्हतं, तर ओढत नेलंस. भेळ खाल्लीस, कुल्फी खाल्लीस, पाणीपुरीवाल्याकडून ते आंबट पाणी दोनदा मागून प्यालास आणि संदीपला म्हणालास, "बघतोस काय, तुझा बाप नॉर्मल आहे!" सगळा किनारा ऐकत होता. वाळूत बसल्यावर माझ्या खांद्याला खांदा लावून म्हणालास, "तायडे, तुझ्या हाताला गुण आहे." मी समुद्राकडे बघत बसले. ती संध्याकाळ मला अजून परत करावीशी वाटत नाही, काय करू? तुझा इतका मोकळा चेहरा मी त्याआधीही फारसा पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. ती संध्याकाळ तुला दिली म्हणून कधी कधी मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच अंगावर काटा येतो.

'नॉर्मल आलं, मग गोळी कशाला?' म्हणून तू ती बंद केलीस. हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं. तुमच्या डॉक्टरांनीही कागद बघून मान डोलावली, सहा महिन्यांनी या म्हणाले. तू गेला नाहीस. मी आठवण केली नाही, कारण पुन्हा रक्त काढलं आणि पुन्हा आठ आला तर? अंगठा अधूनमधून ठणकायचा, तेव्हा तू केमिस्टकडून दुखण्याच्या गोळ्या आणून फुटाण्यासारख्या खायचास. हे मला दिसत होतं. माणसाला टोचायची भीती नसली म्हणजे तो धीट असतो, असं तुम्ही सगळे समजत होता. त्या दोन वर्षांत तुझ्याइतकीच मीही भित्री होते. फक्त माझी भीती आवाज करत नव्हती.

मग कंबर धरली. मग लघवी लाल झाली. मग हॉस्पिटल.

तिथले मोठे डॉक्टर शैलाला विचारत होते, पाणी किती पितात, खडे पूर्वी कधी झाले होते का. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. शैला म्हणाली, "पाणी तसं कमीच. आणि रक्त द्यायचं असलं की दोन दोन दिवस घोटभरसुद्धा नाही. निर्जळी एकादशी केल्यासारखे राहायचे. ताईंनी सांगितलं होतं ना, अजिबात प्यायचं नाही म्हणून."

प्यायचं नाही. मी दारूबद्दल बोलत होते रे! गावभर सगळे हाच शब्द दारूला वापरतात. तू घाबरलेला होतास, तुला त्यात पाणी ऐकू आलं. आणि तू शपथ घेतली होतीस, ती पाळलीस. नंतर मी डॉक्टरबाईंना परक्या पेशंटचं विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या की कडक उपास आणि त्यात पाणी बंद, म्हणजे आकडा चढणारच. गाळ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी नको का? म्हणजे तुझ्या भीतीनं आकडा वर नेला होता आणि माझ्या भीतीनं तो खाली आणला. त्या दिवशी तुझ्या रक्तात खरं किती होतं, हे आता कोणालाच कळायचं नाही.

मोठ्या डॉक्टरांना मी एकदा जिन्यात गाठलं. मधला एखादा रिपोर्ट चुकीचा असेल तर त्यानं एवढं होतं का, असं विचारलं. ते थांबले, चांगलं बोलले. "एका रिपोर्टानं काही होत नाही, बाई. दोन-दोन वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यात, त्या मूत्रपिंडांना बाधतात, ब्लडप्रेशर आहे, खडे आहेत." मला धीर द्यायला ते बोलले. पण एक रिपोर्ट, त्यामुळे बंद झालेली गोळी, त्यामुळे न काढलेलं रक्त, हे त्यांना कुठे माहीत होतं? मीही सांगितलं नाही. जिना उतरून गेले.

चार दुपारी मी तुझ्याजवळ बसले. रोज ठरवून यायचे की आज सांगायचं. तुझे हात सुजले होते, शीर कुठेच दिसत नव्हती, नर्स येऊन टोचायची आणि तू आता मानही वळवत नव्हतास. टोचण्याची तुझी भीती संपली, ह्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. चौथ्या दुपारी तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "तायडे, मधे एकदा नॉर्मल आलं होतं ना गं? म्हणजे परत येऊ शकतं."

मी "हो" म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? तू पुन्हा डोळे मिटलेस. नंतर माझ्याशी बोलला नाहीस, कोणाशीच बोलला नाहीस. तेवढा एक 'हो' घेऊन गेलास.

आता सांग, संदीपचा हात मी कसा धरू?

बुधवारी लॅबमधून निघून मुलुंडला गेले. शैला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. संदीप बाहेरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता. मी दार लोटलं, तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, आत्ता तुला सांगितलं तसंच. तिचा सुपातला हात थांबला.

"किती होतं खरं?"

"आठ पॉइंट नऊ."

"आणि लिहिलंत?"

"सहा पॉइंट नऊ."

"मी देवापुढे पेढे ठेवले होते त्या दिवशी," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. एक खडा काढला, दुसरा काढला. मी बसून राहिले. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणं मला कळतं. मग सुपाकडेच बघत म्हणाली, "संदीपचं रक्त तुम्ही काढू नका, ताई. इथेच देऊ, खालच्या लॅबमध्ये."

मी "बरं" म्हणाले. डॉक्टरबाईंनाही सोमवारी सांगणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही.

शैलानं आतूनच त्याला शुक्रवारी खालच्या लॅबमध्ये जायचंय म्हणून सांगितलं. मी बाहेर आले तर संदीप म्हणाला, "आत्या, शुक्रवारी तू ये हां. मला ती सुई बघवत नाही यार." अगदी तुझा आवाज. शैला आतून म्हणाली, "येऊ देत." मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि एक एक शब्द तोलून सांगितलं, "रात्री जेवल्यावर काही खायचं नाही. पाणी मात्र प्यायचं. पाणी कळलं ना? माठातलं, नळाचं, कुठलंही. सकाळी उठल्यावरसुद्धा दोन भांडी पिऊन यायचं." तो हसला, "एवढं काय समजावतेस, लहान आहे का मी?"

आज शुक्रवार. सकाळी त्या लॅबमध्ये बाकावर बसले. वीस वर्षांत मी कधी ह्या बाजूला बसले नव्हते. पलीकडे नळ्यांचा आवाज येत होता, कोणती नळी कधी उचलली हे मला आवाजावरून कळत होतं, आणि माझ्या तळहातांना घाम फुटला होता. मधू, तुला दर वेळी असं व्हायचं? आणि मी तुला भागूबाई म्हणायचे. संदीपनं मान वळवून हात पुढे केला, मी त्याचा दुसरा हात धरला. शैलानं ते बघितलं आणि नजर दुसरीकडे नेली.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. शैलानं कागद उघडला, तिला काही कळेना. मग माझ्यासमोर धरला. "वाचा. आहे तेच वाचा."

सहा पॉइंट तीन.

"सहा पॉइंट तीन," मी म्हणाले. "सातपर्यंत नॉर्मल."

तिचा चेहरा सैल झाला रे. सव्वा महिन्यात पहिल्यांदा. डोळे मिटून तिनं हात जोडले. संदीप म्हणाला, "झकास! चला, घरी." मी तिथेच गप्प बसले असते तर कोणाचं काय बिघडणार होतं? तसंच बिघडलं असतं, जसं तुझं. तोंड उघडायला मला अख्खा जन्म लागल्यासारखं वाटलं. "शैला, ह्यावर जाऊ नकोस. अंगठा सुजलेला असताना आकडा नॉर्मल येऊ शकतो. मधूचाही पहिल्यांदा आला होता. सूज उतरल्यावर परत बघावं लागेल."

तिचे जोडलेले हात खाली आले. "वाईट होतं तेव्हा चांगलं सांगितलंत. आता चांगलं आलंय तर वाईट सांगताय. मी कशावर विश्वास ठेवू, ताई?"

"डॉक्टरांना विचार," मी एवढंच म्हणाले.

"तिकडेच चाललोय. तुम्ही या हवं तर. पण तिथे काही बोलू नका."

दवाखान्यात मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. डॉक्टर तेच, तुमचे. त्यांनी कागद बघितला. "अरे वा, नॉर्मल आहे की! मग मुरगळला असेल कुठेतरी." आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांनी कागद डावीकडे सरकवला, दुसरा ओढला, लिहायला सुरुवात केली. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बोलायचं नाही, असं कबूल करून बसले होते, आणि समोर तुझा मुलगा तुझ्याच वाटेनं निघाला होता. आणखी एक ओळ लिहिली असती तर मी उठलेच असते.

"डॉक्टर," शैला म्हणाली, "अंगठा सुजलेला असताना रक्त नॉर्मल येऊ शकतं का? कोणीतरी सांगत होतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, संदीपचा पाय उचलून समोरच्या दुसऱ्या स्टुलावर ठेवला, अंगठ्याला बोट लावलं. संदीप कळवळला. "येऊ शकतं," ते हळू बोलले. "बरोबर आहे. ह्याच्या वडिलांची केस लक्षात घेता तर बघायलाच हवं. सूज उतरू दे, तीन आठवड्यांनी परत करू. तोवर भरपूर पाणी. आणि दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, ऐकलंस का रे?" मग कागद हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "पुढचं रक्त कुठे देणार? घाटकोपरलाच ना, आत्याकडे?"

शैलानं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली.

"बघू," ती म्हणाली.

नाही म्हणाली नाही, मधू. पण माझ्याकडे बघितलंही नाही.